कॅम्परव्हॅनच्या कपाटात फळ्या बसवताय? या चुका टाळा

पाणसळ हातात घेऊन कॅम्परव्हॅनच्या, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीच्या, कपाटात शिरलात, की पहिली चूक झालीच म्हणून समजा. व्हॅन क्वचितच सपाट उभी असते. एक चाक जरासं खड्ड्यात, नाहीतर एक बाजू उताराला. अशा गाडीत बुडबुडा मधोमध आणून फळी ठोकली, की फळी बरोबर सपाट होते आणि कपाटाला मात्र तिरकी बसते. गाडी दुसऱ्या जागी उभी केली, की ते डोळ्यांत भरतं. मी हा प्रकार एकदा नाही, तीन फळ्यांना केलाय. माप घ्यायचं ते कपाटाच्या तळापासून, दोन्ही बाजूंनी. आणि कोन बघायचा तो गुण्या, म्हणजे सुताराची काटकोनी पट्टी, लावून. पाणसळ घरीच राहू द्या.

घरच्या कपाटावर हात बसलेला असतो ना, तोच हात इथे दगा देतो. घरचं कपाट जागेवर उभं असतं. हे कपाट धावतं, वळतं, हादरतं, रात्री थंड पडतं आणि सकाळी घामाघूम होतं.

कपड्यांआधी फळ्या ठरवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रिकामं कपाट दिसलं, की हात शिवशिवतात. उंची मोजायची, चाराने भागायची, चार सारखे कप्पे पाडून मोकळं व्हायचं. मग पहिल्याच सहलीत कळतं, की जाडे स्वेटर एका कप्प्यात मावत नाहीत आणि मोज्यांच्या डोक्यावर वीतभर जागा वाया जातेय.

उलटं करून बघा. फळ्या न बसवता पुठ्ठ्याची खोकी एकावर एक रचा, त्यांत कपडे भरा आणि एक सहल तशीच काढा. दिसायला अगदीच गबाळं दिसतं, हे मान्य. पण कुठलं खोकं रोज उघडलं जातं आणि कुठलं परत येईपर्यंत तसंच राहतं, हे तीन-चार दिवसांत कळतं. मग त्याच मापांवरून फळ्या ठरवा. टी-शर्टची चळत 20 ते 25 सेंमीच्या वर गेली की कलंडते, त्यामुळे त्या कप्प्याला त्याहून जास्त उंची देऊन काही मिळत नाही. स्वेटर आणि जाड पँटींना 30 सेंमी पुरतात. अंतर्वस्त्रं आणि मोज्यांना 12 ते 15 सेंमीचा उथळ कप्पा.

टांगायच्या कपड्यांचं गणित वेगळं. मोठ्या माणसाच्या कपड्यांचा हँगर साधारण 42 ते 45 सेंमी रुंद असतो. त्यावर जाकीट चढलं की कपाटाला आतून 55 सेंमीच्या आसपास खोली लागते, आणि व्हॅनच्या बऱ्याच कपाटांना तेवढी नसते. तरीही लोक दांडा घरच्यासारखा आडवा लावतात. मग बाह्या दारात अडकतात, दार नीट लागत नाही आणि दोष बिजागरीला जातो. खोली कमी असेल तर दांडा मागून पुढे लावा, म्हणजे कपडे दाराकडे तोंड करून टांगले जातात. शर्टाला दांड्याखाली 90 ते 100 सेंमी सोडावे लागतात. मधोमध घडी घातलेल्या पँटीचं 75 सेंमीत भागतं. आता स्वतःला खरं विचारा, टांगायलाच हवेत असे कपडे किती? माझ्याकडे निघाले दोन जाकिटं आणि एक शर्ट. त्यासाठी अर्धं कपाट अडवून बसलो होतो.

दारातून आत न जाणारी फळी

फळी अगदी मापाची कापली, कडा घासल्या, दोन हात वॉर्निश मारलं, आणि ती कपाटात जाईचना. कपाट आतून 48 सेंमी रुंद आणि दाराची चौकट 36 सेंमीची, असं हमखास असतं. 36 सेंमीतून 48 सेंमीची फळी न्यायची तर ती इतकी तिरकी करावी लागते, की उभ्यात जवळजवळ 32 सेंमी जागा खाते. कप्पे 25 सेंमीचे असतील तर वरची फळी आधी बसवून खालची घालताच येत नाही.

म्हणून सुरुवात खालून करायची. प्रत्येक फळी वरच्या मोकळ्या जागेत तिरकी न्यायची, आडवी करायची आणि खाली, कपाटाच्या भिंतींना मारलेल्या आधाराच्या पट्ट्यांवर टेकवायची. सगळ्यात वरच्या कप्प्यात 32 सेंमी उरत नसतील, तर ती फळी दोन तुकड्यांत करा आणि मधे आधाराची पट्टी द्या. फळी कपाटाच्या आतल्या रुंदीपेक्षा 2-3 मिमी कमीच कापा. गाडीचा सांगाडा चालताना पिळतो, लाकूड दमटपणाने फुगतं. घट्ट बसवलेली फळी एक तर कुरकुरते, नाहीतर कपाटाच्या भिंतीला ढकलते.

व्हॅनची बाजू सरळ नसते हे माहीत असूनही सगळ्या फळ्या एकाच मापाच्या कापल्या जातात. वर जावं तशी भिंत आत झुकते. खालची फळी 40 सेंमी खोल असेल, तर वरची 34 सुद्धा भरू शकते. प्रत्येक फळीचा पुठ्ठ्याचा साचा वेगळा हवा. अख्ख्या पुठ्ठ्यावर वळण काढत बसू नका. 5 सेंमी रुंदीच्या पट्ट्या भिंतीला एकेक टेकवत चिकटपट्टीने जोडत जा, वळण आपोआप उतरतं.

जाड म्हणजे मजबूत, हा समज

50 बाय 35 सेंमीच्या पाच फळ्या 18 मिमी एमडीएफमधून (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डातून) कापल्या, तर त्यांचंच वजन 12 किलोच्या घरात जातं. त्याच फळ्या 9 मिमीच्या, पॉपलर या हलक्या लाकडाच्या प्लायच्या केल्या तर साडेतीन किलोच्या आसपास. गाडीवर किती भार टाकायचा याची मर्यादा ठरलेली असते, आणि पाणी, अन्न, माणसं यांच्यापुढे ती भराभर संपते. एमडीएफला दुसरं दुखणंही आहे: कड ओली झाली की फुगते आणि पुन्हा बसत नाही.

9 मिमी पातळ वाटतं, पण फळीच्या पुढच्या कडेला 4-5 सेंमी उंचीची उभी पट्टी गोंदाने चिकटवली की तीच तुळईचं काम करते. कपडे अडवतेही आणि फळीला वाकूही देत नाही. आधीच वाकलेली फळी असेल तर हाच उपाय: फळी उलटी करून वजन ठेवा, सरळ झाली की पुढे पट्टी चिकटवा. मात्र 7 सेंमीहून उंच पट्टी लावली, तर खालचा शर्ट काढताना हात कोंडतो.

स्क्रू आणि भिंतीमागचं जग

फळीच्या आधाराची 18 मिमीची पट्टी कपाटाच्या 12 मिमीच्या भिंतीवर मारायची तर 25 मिमीचा स्क्रू घ्या. तो भिंतीत 7 मिमी धरतो. 30 चा घेतला, तर त्याचं टोक पलीकडे तुमच्या उशीशेजारी निघेल. भोक पाडताना ड्रिलच्या पात्याला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळा. कपाटाची भिंत नुसत्या 3 मिमी प्लायची असेल तर स्क्रूला धरायलाच काही नसतं. तिथे पट्टी पूर्ण लांबीची घ्या आणि मुख्य भिस्त गोंदावर ठेवा. गोंद पुरता सुकेपर्यंत, म्हणजे निदान एक दिवस, गाडी हलवायची नाही.

गाडीच्या बाहेरच्या पत्र्याकडे तोंड करून मात्र ड्रिल चालवूच नका. त्या भिंतीत वायरी असतात, कधी पाण्याची नळी, कधी गॅसची. कुठून काय जातंय हे पक्कं कळल्याशिवाय एकही भोक नको. काही गाड्यांत हीटरचा धूर बाहेर नेणारा पाइप कपाटातूनच वर छताकडे जातो. तो तापतो. त्याभोवतीचं आवरण काढून फळीसाठी जागा करणं किंवा त्याला टेकून कपडे रचणं म्हणजे आगीला निमंत्रण. कपाटाच्या तळाशी जाळीदार भोक दिसलं तर तेही बुजवू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो तिथून खाली निघून जावा म्हणून ती सोय असते.

पहिल्या वळणावर दार उघडतं

कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक लागला, की वस्तू आपल्या वजनाच्या 70-80 टक्के जोराने पुढे जाऊ पाहते. कप्प्यात 10 किलो कपडे असतील आणि दाराचं तोंड पुढच्या दिशेला असेल, तर छोट्या लोहचुंबकाचा तिथे टिकाव लागत नाही. बटण दाबून उघडणारं पुश लॉक लावा. खटका बरोबर बसूनही दार उघडत असेल तर बिजागऱ्या बघा. हादऱ्यांनी त्यांचे स्क्रू हळूहळू सैल होतात.

गुंडाळी करून ठेवलेले कपडे दाराला समांतर ठेवू नका, ते ओंडक्यासारखे घरंगळत पुढे येतात. गुंडाळीचं टोक दाराकडे करा. घरंगळणं थांबतं आणि कुठला कपडा कुठे आहे तेही दिसतं. जड पँटी, बूट खाली, हलकं सामान वर, हे बहुतेकांना माहीत असतं. तरी जागा दिसली म्हणून वरच्या कप्प्यात पुस्तकं जातात. आणि हवा काढून कपडे दाबून बसवायच्या पिशव्यांबद्दल एक इशारा. त्या जागा वाचवतात, वजन नाही. रिकाम्या झालेल्या जागेत आपण आणखी कपडे कोंबतो आणि व्हॅन मुकाट्याने जड होत जाते.

कुबट वास आणि बुरशी

माणसं रात्रभर श्वास सोडतात, आणि त्या श्वासातली वाफ सगळ्यात थंड जागा शोधून तिथे पाणी होते. कपाटाची मागची बाजू बाहेरच्या पत्र्याला लागून असेल तर ती जागा हीच. कपडे भिंतीला चिकटून रचलेले असतील, तर त्यांना महिन्याभरात काळे ठिपके पडू शकतात, आणि आपण दोष देतो धुण्याला.

फळीच्या मागे 2 सेंमी फट सोडा. फट सोडली तरी कपडे मागे सरकून ती बुजवतात, म्हणून मागच्या कडेलाही एक बुटकी पट्टी हवी. फळीला मोठी भोकं पाडा किंवा पट्ट्यापट्ट्यांची फळी करा. दारातही वर आणि खाली हवेला वाट द्या. फक्त वर भोकं पाडून हवा खेळत नाही, आत यायलाही रस्ता लागतो. प्लायच्या कापलेल्या कडांना वॉर्निश मारायला विसरू नका, पाणी तिथूनच शिरतं. ओलसर टॉवेल कपाटात नको, कितीही घाई असली तरी. मळके कपडे वेगळ्या जाळीच्या पिशवीत, कपाटाबाहेर.

ओलावा शोषणारी पुडी ठेवून हवेची सोय टाळणारे बरेच भेटतात. पुडी बंद गाडीत थोडी मदत करते, पण भरली की ती नुसतीच एक वस्तू म्हणून कोपऱ्यात पडून राहते.

चालताना येणारे आवाज

कुरकुर येत असेल तर बहुतेक वेळा फळी पट्टीवर घासत असते. मधे नमद्याची (फेल्टची) पातळ पट्टी चिकटवा. हँगर एकमेकांवर आपटत असतील, तर दांड्यावर त्यांच्यामधे फोमचे तुकडे चढवा. हे सगळं करूनही टकटक थांबेना, तेव्हा मी एकाला गाडी चालवायला सांगून स्वतः सीटबेल्ट लावून मागच्या सीटवर कान देऊन बसलो. आवाज कपाटातून येतच नव्हता. शेजारच्या खणात चमचे मोकळे होते.