गाडीची चावी आणि रिमोट कमी खर्चात बदलून घेताना

गाडीची चावी बिघडली किंवा हरवली की बहुतेक जण थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करतात आणि तिथे सांगितलेली रक्कम मुकाट्याने मान्य करतात. ती रक्कम सहसा संपूर्ण नव्या चावीची असते; बिघाड मात्र संपलेल्या सेलचा, दबून गेलेल्या बटणाचा किंवा फुटलेल्या कव्हरचा असू शकतो. हातात एकच वस्तू दिसत असली तरी आजच्या चावीत तीन गोष्टी एकत्र बसवलेल्या असतात: कुलूप फिरवणारे धातूचे पाते, इंजिन सुरू होऊ देणारी चिप आणि दरवाजे उघड-बंद करणारा रिमोट. तिन्हींची कामे वेगळी असतात आणि बहुतेक चाव्यांमध्ये त्या वेगवेगळ्या दुरुस्त करता किंवा बदलता येतात. त्यामुळे यांपैकी नेमके काय बिघडले आहे, हे कळेपर्यंत काहीही विकत घेऊ नये.

हे घरच्या घरी बऱ्यापैकी ओळखता येते. बटण दाबून दरवाजा उघडत नाही, पण चावी फिरवल्यावर इंजिन नेहमीप्रमाणे सुरू होते, तर चिप ठीक आहे आणि दोष बहुधा रिमोटमध्ये आहे. याउलट स्टार्टर फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, किंवा सुरू होऊन दोन-तीन सेकंदांत बंद पडते आणि डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत राहते, तर गाडीला चिप ओळखता येत नसण्याची शक्यता मोठी असते. चावी कुलपात अडखळत असेल तर पाते झिजले आहे किंवा कुलूपच खराब झाले आहे. घरात दुसरी चावी असेल तर हीच तपासणी तिच्यावरही करून पाहावी. दोन्ही रिमोट एकाच वेळी बंद पडले असतील, तर चाव्यांना दोष देण्याआधी गाडीतील फ्यूज आणि रिमोटचा संदेश पकडणारा रिसीव्हर तपासून घ्यावा.

चिप आणि रिमोट यांतील फरक इथे समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण बराच अनावश्यक खर्च याच गोंधळातून होतो. चिपला स्वतःचा सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी निघतात, त्यांतूनच चिपला ऊर्जा मिळते आणि ती आपली ओळख गाडीला कळवते. ओळख जुळली तरच इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखण्यासाठी इंजिन अडवून ठेवणारी यंत्रणा, इंजिनाला परवानगी देतो. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला आणि नंतर ही पद्धत जगभर पसरली. रिमोट मात्र सेलवर चालतो आणि बहुतेक गाड्यांत ४३३.९२ किंवा ३१५ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवतो. म्हणूनच रिमोट पूर्ण बंद पडला तरी चिपची चावी गाडी चालवते. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांच्या स्मार्ट चावीतही बहुधा हीच सोय राखलेली असते: सेल संपला असेल तर आत लपवलेले छोटे पाते काढून दरवाजा उघडायचा आणि चावी स्टार्टच्या बटणाला किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी टेकवून गाडी सुरू करायची.

रिमोट मंदावला असेल तर आधी सेल बदलावा. सेलवर छापलेला क्रमांक पाहूनच नवा घ्यावा. सीआर २०३२, सीआर २०२५ आणि सीआर २०१६ हे तिन्ही २० मिलिमीटर व्यासाचे आणि ३ व्होल्टचे असले, तरी त्यांची जाडी अनुक्रमे ३.२, २.५ आणि १.६ मिलिमीटर असते. एकाच्या जागी दुसरा बसवला तर संपर्क सैल राहतो किंवा कव्हर नीट मिटत नाही. काही गाड्यांत सेल बदलल्यावर रिमोट गाडीशी पुन्हा जुळवावा लागतो. ती पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी असल्यामुळे मॅन्युअलच पाहावे. सेल नवा असूनही एखादेच बटण काम करत नसेल, तर बहुधा सर्किटवरील बारीक स्विच गेलेला असतो. मोबाइल दुरुस्त करणारा कोणताही सराईत कारागीर तो डाग देऊन बदलू शकतो, आणि एवढ्यासाठी नवा रिमोट घेणे म्हणजे उधळपट्टी होय.

कव्हर तुटले असेल तर नुसते रिकामे कव्हरही मिळते. ते निवडताना बटणांची संख्या, पात्याचा आकार आणि सर्किट बसण्याची आतली रचना जुन्याशी ताडून पाहावी. सर्वांत जास्त नुकसान होते ते जुने कव्हर फेकून दिल्याने. काही चाव्यांमध्ये चिप सर्किटवरच जोडलेली असते. पण अनेक चाव्यांमध्ये ती काळ्या रंगाची लहानशी पाचर किंवा काचेची बारीक नळी म्हणून प्लॅस्टिकच्या खोबणीत वेगळी बसवलेली असते आणि सहज नजरेतून सुटते. नव्या कव्हरमध्ये सर्किट घातले, बटणे चालू लागली, म्हणून जुने कव्हर कचऱ्यात गेले की गाडी सुरूच होत नाही. म्हणून नव्या कव्हरने इंजिन सुरू करून पाहिल्याखेरीज जुन्याचा एकही तुकडा टाकू नये.

झिजलेल्या पात्याची हुबेहूब नक्कल केली, तर झीजही नव्या चावीत उतरते. गाडीसोबत मिळालेल्या टॅगवर चावीचा कोड असेल, तर त्यावरून पाते कापून घेणे कधीही चांगले. जाड पट्टीत मधोमध नागमोडी खाच असलेली चावी साध्या मशीनवर होत नाही, त्यामुळे ती जमेल का हे कारागिराला आधीच विचारून घ्यावे.

आता खऱ्या खर्चाकडे, म्हणजे नवी चिप किंवा संपूर्ण चावी घेण्याकडे वळू. किंमत गाडीच्या कंपनीवर अवलंबून असते हे खरे, पण त्याहून जास्त फरक एका गोष्टीने पडतो: तुमच्याकडे एक तरी चालू चावी शिल्लक आहे की नाही. असेल तर जोड चावी करणे तुलनेने सोपे काम असते. सगळ्या चाव्या हरवल्या असतील तर गाडीचा १७ अक्षरांचा चासी क्रमांक, मालकीची कागदपत्रे आणि कंपनीकडून मिळणारा सुरक्षा कोड लागू शकतो. काही गाड्यांत तर इमोबिलायझरचा बॉक्स काढून त्यातील माहिती वाचावी लागते. गाडी ओढून न्यावी लागली तर तोही खर्च वाढतो. म्हणून एकच चावी असलेल्याने दुसरी आजच करून घ्यावी. ती रिमोटचीच हवी असेही नाही. चावी फिरवून सुरू होणाऱ्या गाडीसाठी बटणे नसलेली साधी चिपची चावी बरीच स्वस्त पडते आणि अडचणीच्या वेळी तेवढी पुरते.

सर्व्हिस सेंटरबरोबरच मोटारींच्या चाव्या करणाऱ्या कारागिराकडेही चौकशी करावी. त्याच्याकडे मूळ कंपनीच्या रिमोटऐवजी एक्सहॉर्स किंवा कीडीआयवाय या कंपन्यांचे सर्वसामान्य रिमोट असतात आणि मशीनवर ते हव्या त्या गाडीसाठी तयार करता येतात. बटणांचा स्पर्श किंवा पल्ला मूळ रिमोटइतका नसेल, पण रोजच्या वापराला माझ्या मते ते पुरेसे आहेत. मात्र अगदी नव्या किंवा महागड्या गाड्यांच्या बाबतीत कंपनीशिवाय पर्याय नाही, असेही निघू शकते. फोनवर गाडीचे मॉडेल, वर्ष, स्टार्टची पद्धत आणि हाती असलेल्या चाव्यांची संख्या सांगून विचारावे की, सांगितलेल्या रकमेत पाते कापणे, चिपचे कोडिंग (म्हणजे ती गाडीच्या ओळखीची करून देणे), रिमोटची जुळवणी आणि घरी येण्याचे शुल्क हे सगळे धरले आहे का, आणि कोडिंग जमले नाही तर पैसे द्यावे लागतील का. जुन्या सर्व चाव्या सोबत ठेवाव्यात, कारण काही गाड्यांत प्रोग्रामिंगच्या, म्हणजे या कोडिंगच्या वेळी हजर नसलेली चावी गाडीच्या ओळखीच्या चाव्यांच्या यादीतून पुसली जाते.

कारागीर चिपची नक्कल करणार आहे की गाडीच्या यादीत नवी चावी चढवणार आहे, हेही विचारावे. नक्कल स्वस्त आणि झटपट होते, पण गाडीच्या दृष्टीने त्या दोन चाव्या एकच असतात. पुढे एक हरवली तर फक्त तीच रद्द करता येत नाही.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारी चावी घेताना रूप पाहून भुलू नये. दिसायला अगदी सारखे दोन रिमोट वेगळ्या फ्रिक्वेन्सीचे असू शकतात, म्हणून सर्किटवरचा किंवा पाठीमागचा पार्ट नंबर, फ्रिक्वेन्सी आणि चिपचा प्रकार जुळलाच पाहिजे. वापरलेली स्मार्ट चावी तर शक्यतो टाळावी, कारण अनेक कंपन्यांच्या स्मार्ट चाव्या एकदा एका गाडीशी जोडल्या की कुलूपबंद होतात आणि खास उपकरणाने मोकळ्या केल्याशिवाय दुसऱ्या गाडीला चालत नाहीत. एका चावीसाठी प्रोग्रामिंगचे यंत्र विकत घेण्याचाही मोह होतो. काही जुन्या गाड्यांत चालू चाव्या वापरून यंत्राशिवाय नवी चावी जोडता येते, ती सोय मॅन्युअलमध्ये दिली असेल तर अवश्य वापरावी. पण स्वस्त यंत्राने प्रयोग करताना गाडीची बॅटरी उतरलेली असली आणि प्रक्रिया मध्येच तुटली, तर वाचवलेल्या पैशांपेक्षा मोठे काम उभे राहू शकते.

चावी चोरीला गेली किंवा हरवली असेल तर पैसे खर्च करण्यापूर्वी विम्याची पॉलिसी वाचावी. काही पॉलिसींमध्ये चावी बदलण्याचा खर्च समाविष्ट असतो आणि त्यासाठी पोलिसांत केलेली नोंद मागितली जाऊ शकते. नवी चावी करताना हरवलेली चावी गाडीच्या यादीतून काढून टाकण्यास सांगावे. याने त्या चावीने इंजिन सुरू होणार नाही, पण तिचे पाते दरवाजाच्या कुलपाला अजूनही लागते, त्यामुळे गाडीत मौल्यवान वस्तू ठेवू नयेत. ती चुकीच्या हाती पडल्याची खात्री असेल तर कुलूपही बदलावे.

पैसे देण्याआधी नव्या चावीने प्रत्येक दरवाजा आणि डिकी उघडून पाहावी, सगळी बटणे काही पावलांवरून दाबून पाहावीत आणि इंजिन दोन-तीनदा बंद करून सुरू करावे. त्यानंतर जुनी चावी अजूनही चालते ना, हेही त्याच जागी तपासून घ्यावे. कारागिराने काढलेला सुरक्षा कोड आणि पात्याचा कोड लिहून मागावा, आणि तो कागद गाडीत नव्हे तर घरी कागदपत्रांसोबत ठेवावा.