वाफ्यात तंबोरा, मागे हळद: मिरज-सांगलीच्या चौकासाठी फुलांची रचना

चौकात फुलांचा वाफा करायचा ठरला की सगळ्यांनाच सगळे हवे असते: गणपती मंदिर, आयर्विन पूल, १८४३ चे पहिले मराठी नाटक, तासगावचा बेदाणा. एका वाफ्यात एकच विषय घ्या. मोटारसायकलवरून जाणाऱ्याला तो तीन-चार सेकंदच दिसतो. थोर व्यक्तीचा चेहरा तर झाडांतून काढूच नये. एक छाटणी चुकली तरी नाक वाकडे होते आणि मग भांडणे. देवनागरी अक्षरेही टाळा. झाडे वाढली की मात्रा आणि वेलांट्या शिरोरेषेत बुजतात. नाव लिहायचेच तर पाटीवर लिहा.

तंतुवाद्यांच्या मिरजेसाठी तंबोऱ्याचा आकार सोपा पडतो, कारण त्याची बाह्यरेषा लांबूनही ओळखू येते. मागच्या कडेला सांगलीची हळद लावली की दोन्ही गावांची ओळख साधते. जागा ७ मीटर लांब, ३ मीटर खोल, दिवसाला किमान सहा तास ऊन असलेली घ्या. सावलीत लाल आल्टरनेंथेरा (रंगीत पानांचे बुटके झुडूप) हिरवट पडतो आणि आकार हरवतो. नदीकाठची पुराची जागा नको.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात: कागदावरचे वर्तुळ जमिनीवर तसेच काढले की रस्त्यावरून ते थाळीसारखे चपटे दिसते. म्हणून तंबोऱ्याचा भोपळा रस्त्याच्या दिशेने १.८ मीटर रुंद आणि आत खोलीला २.५ मीटर, असा लंबगोल काढा. रस्त्याला काटकोनात, एकमेकींपासून १.७३ मीटरवर दोन खुंट्या ठोका. ४.२४ मीटर घेराचा सुतळीचा फास दोन्ही खुंट्यांभोवती टाका, काठीने ताणून फिरवा आणि मागोमाग चुना टाका. भोपळ्याच्या बाजूने ४.२ मीटर लांब, ५० सेंटीमीटर रुंद दांडी रस्त्याला समांतर काढा. शिवाय मागची कड पुढच्यापेक्षा ४० सेंटीमीटर उंच ठेवून उतार द्या. त्याहून जास्त उताराची माती पहिल्या वळवातच रस्त्यावर येते.

या भरावाला साधारण दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती लागते. काळी माती एक फूट खणून त्यावर तांबडी माती घाला आणि १०० किलो चांगले कुजलेले शेणखत, २ किलो निंबोळी पेंड मिसळा. काळ्या मातीत थोडीशी वाळू टाकून भागवू नका. ती वाळली की विटेसारखी घट्ट होते. पुढच्या कडेला विटा तिरक्या रोवा आणि दर मीटरला पाणी निघायला फट ठेवा.

दांडीला लाल आल्टरनेंथेरा १० सेंटीमीटरवर, पाच ओळींत: २१० रोपे. भोपळ्याला नारिंगी मखमली झेंडू २० सेंटीमीटरवर: ८८, मरतुकीसह १००. कोलकत्ता झेंडू इथे नको, तो उंच होऊन लोळतो. दांडीच्या टोकाला तंबोऱ्याच्या खुंट्यांसाठी गोल छाटलेली गोल्डन ड्युरांटाची (पिवळसर पानांची) ४ झुडपे, भोपळ्यावर घोडीसाठी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) चुन्याने रंगवलेल्या विटांची एक ओळ. तारा सोडून द्या. झाडांच्या चार बारीक ओळी महिन्याभरात एक होतात. उरलेल्या जागेत लॉन.

हळद अक्षय्य तृतीयेपासून जूनच्या मध्यापर्यंत लावा. दोन ओळी, ३० बाय ३० सेंटीमीटर, सुमारे ४८ कंद. सेलम वाण चालतो, कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राचा फुले स्वरूपा वाणही आहे. ३५ ते ४० ग्रॅमचा निरोगी गड्डा घेतला तर बेणे दोन किलोच्या आसपास पुरते. हळद उंच कडेलाच हवी, कारण पाणी साचले की कंदकूज ठरलेली. झेंडूचे बी मात्र गणपतीच्या तारखेपासून ६० ते ६५ दिवस मागे मोजून पेरा, २५ दिवसांची रोपे लावा आणि पुढच्या पंधरवड्यात शेंडा खुडा. शेंडा न खुडल्यास एकच काडी वर जाते. युरिया जास्त झाला तर पालाच पाला.

आल्टरनेंथेरा दर पंधरा दिवसांनी कात्रीने १२ ते १५ सेंटीमीटरवर आणा. हे काम एका ठरलेल्या माणसाकडे द्या. ‘मंडळ बघेल’ म्हटले की कुणीच बघत नाही. उघडीप पडून झेंडूवर लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर पानांच्या खालून पाण्याचा फवारा, नाहीतर लिटरला ५ मिलि निमतेल.

दसऱ्याच्या आदल्या रात्री वाफा बोडका होतो, हे गृहीत धरा. मागे, हळदीपलीकडे ३० झेंडू ‘तोडायचे’ म्हणून पाटी लावून ठेवले तर भोपळा बराचसा वाचतो. दिवाळीनंतर तिथे कॅलेंडुला लावा, उन्हाळ्यात ऑफिस टाइम (पोर्टुलाका).

जानेवारीत हळदीची पाने पिवळी पडून लोळतात. वाफा उजाड दिसतो म्हणून ती आधीच कापू नका, गड्डे बारीक राहतात. पाला पूर्ण वाळल्यावर काढणी करा. लागण अक्षय्य तृतीयेलाच झाली असेल तर रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून गल्लीतली ओली हळद देता येते.