जपानात तळलेली कोळंबी खायला जाताय? कोकणातल्या मंडळींसाठी

सुंगटांचं आम्हाला कोण काय शिकवणार, असं म्हणत मालवणचा माणूस जपानात जातो आणि पहिल्याच ताटाला तोंड वाकडं करतो, कारण मसाला नाही, आगळ नाही, आलं-लसूण नावालाही नाही. मुलाकडे-सुनेकडे तिकडे निघालेल्या काका-काकूंसाठी म्हणून हे लिहितोय, पैसे आणि भूक दोन्ही वाया नको जायला.

ह्या पदार्थासाठी नागोया शहर फेमस. तिथे म्हणतात एबी फुराय. टेम्पुरा वेगळा बरं का, त्याला पातळ पिठाचं हलकं कव्हर असतं आणि तो किसलेला मुळा घातलेल्या पातळ सॉसमध्ये बुडवून खातात. फुरायला आधी मैदा, मग अंडं, मग पांको म्हणजे ब्रेडचा जाडसर चुरा. आपल्या रव्यापेक्षा हे कव्हर जाड आणि भुसभुशीत, त्यामुळे कोळंबीही मोठी लागते, बऱ्याच ठिकाणी ब्लॅक टायगर, म्हणजे आपल्याकडे तळ्यांत वाढवतात तीच.

भाषेचं टेन्शन नको. बऱ्याच दुकानांच्या काचेत प्लास्टिकची हुबेहूब ताटं मांडलेली असतात, फोटो काढा आणि आत जाऊन दाखवा. तेइशोकु मागवा, म्हणजे भात, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं) सूप, लोणचं, बारीक चिरलेला कोबी सगळं एकत्र येतं. कितीतरी दुकानं दुपारी दोन-अडीचला बंद होतात ती थेट संध्याकाळी पाचला उघडतात, त्यामुळे आपल्या सवयीने तीनला जेवायला निघालात तर उपाशी राहाल. आणि पोर्क वर्ज्य असेल तर आधीच विचारा, ह्याच दुकानांत डुकराच्या मांसाचे कटलेटही तळतात, काही ठिकाणी तर तळणच डुकराच्या चरबीत असतं. संकष्टी, गुरुवार पाळणाऱ्यांनी त्या दिवशी जाऊच नये, कोबी-भात खाऊन भागवू म्हणाल तर सुपातही बहुतेक वेळा माशाचा अर्क असतोच.

आता ताट समोर आलं की थांबू नका. बाकीच्यांचं येऊ दे मग सुरू करू, फोटो काढू, गावच्या ग्रुपवर टाकू, ह्या नादात कव्हर मऊ पडतं आणि मग सगळी मजा गेली. पहिला घास कशातही न बुडवता, नुसता. चुरा कुरकुरतो आणि आतलं मांस गोडसर लागतं, तेवढं नीट कळू दे. दुसरा घास लिंबू पिळून. मग टार्टर सॉस, त्यात मेयोनीजमध्ये उकडलेलं अंडं, कांदा आणि लोणचं बारीक चिरून घातलेलं असतं. तो काळपट गोड-आंबट सॉस शेवटी, आणि थोडाच, सगळ्यावर ओतलात की कव्हर भिजतं आणि कोळंबी खाल्ली की बटाटावडा हेही कळत नाही. मधेमधे कोबी खायचा, तेलकटपणा जातो, काही ठिकाणी तो परत फुकट देतात, "ओकावारी" म्हणा. नागोयाकडे लाल मिसोचं सूप मिळतं, चांगलं कडक असतं, सोलकढीची आठवण आली तर तेच प्या. वाटी उचलून तोंडाला लावायची, चालतं.

शेपटी खायची का? कुरकुरीत असेल तर मी खातो, बरेच जपानी लोक ताटात ठेवतात, कोणी काही म्हणत नाही.

कोळंबी इतकी सरळसोट कशी, हा प्रश्न आपल्या बायका हमखास विचारतात. पोटाकडून चार-पाच हलके आडवे छेद देतात, मग पालथी ठेवून बोटांनी दाबत जातात, आत कट्ट करून तुटल्यासारखं लागतं आणि मग ती तळताना वाकत नाही. शेपटीचं टोक तिरकं कापून सुरीने आतलं पाणीही खरवडून काढतात, नाहीतर तेल उडतं. घरी करून बघा, रव्यातसुद्धा जमतं.

काड्यांनी खाणं जमत नसेल तर फोर्क मागा, लाज कसली. पण भातात काड्या उभ्या खोचू नका आणि एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास देऊ नका, दोन्ही गोष्टी तिथल्या मयताच्या विधींत करतात.

टीप ठेवायची नाही, ठेवलीत तर पोरगी मागे धावत पैसे परत द्यायला येईल. बसून खाल्लं तर टॅक्स 10 टक्के, पार्सलला 8. आणि उरलेलं बांधून देतील ह्या भरवशावर राहू नका, बरीच दुकानं नाहीच म्हणतात, म्हणून आधी दोन कोळंब्यांचं ताट घ्या आणि पोटात जागा राहिली तर एकेक सुटी मागवा.