मेटल डिटेक्टर वापरताना हात कसा चालवावा

नवशिक्या माणूस डिटेक्टर झाडूसारखा फिरवतो आणि निम्म्या वस्तू मागे सोडून जातो. महागड्या यंत्रापेक्षा सावकाश चाललेला हात जास्त शोधतो.

जागामालकाची परवानगी घ्या. संरक्षित स्मारकांच्या आसपास यंत्र काढूच नका.

आधी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतल्या खनिजांमुळे यंत्र उगाच वाजू नये म्हणून केलेली जुळणी. धातू नसलेल्या जागी कॉइल (दांड्याच्या टोकाची, धातू हेरणारी चकती) जमिनीजवळून फूटभर वर-खाली करा आणि आवाज स्थिर होईपर्यंत जुळवा. यंत्र उगाच कुरकुरत असेल, तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, थोडी उतरवा. ती पूर्ण चढवली की खोलवरचं सापडतं, हा गैरसमज आहे. गोंगाटात बारीक आवाज बुडून जातो.

आता फिरवणं. कॉइल जमिनीला समांतर, दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवा. फेरीच्या दोन्ही टोकांना हात नकळत वर उचलला जातो, तिथे लक्ष द्या. कॉइलची पकड खाली निमुळती होत जाते, म्हणून प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी तरी चढली पाहिजे. सगळी जागा उभी झाली की तीच आडवी तपासा. खिळे-पत्र्यांची गर्दी असेल तिथे लहान कॉइल लावा. हेडफोन तर हवाच.

डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे संकेत गाळायची सोय, जपून वापरा. सोन्याची अंगठी आणि शीतपेयाचा डबा उघडायची ॲल्युमिनियमची कडी पडद्यावर जवळपास सारखाच आकडा दाखवतात. कचरा टाळायला त्या आकड्यांचा पट्टा बंद केलात, तर अंगठीही गेली! त्यापेक्षा आवाज ओळखायला शिका. संकेत मिळाला की त्याभोवती काटकोनात वळून पुन्हा फिरवा. दोन्ही बाजूंनी तोच स्वच्छ आवाज आला तर खणावं. एका बाजूने छान आणि दुसऱ्या बाजूने तुटक आला, तर बहुधा लोखंडी खिळा.

नेमकी जागा हेरायला कॉइलने फुली काढा. आवाज जिथे सर्वांत जोरात, तिथे वस्तू. गवत तीन बाजूंनी कापून झाकणासारखं उलटा. खुरपं वस्तूपासून थोडं लांबच खुपसा, नाणं एकदा ओरखडलं की गेलं. मातीचं ढेकूळ पिनपॉइंटरने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरने, चाचपा. वस्तू मिळाली तरी खड्ड्यावरून पुन्हा एकदा कॉइल फिरवा, खाली दुसरी असू शकते. मग माती भरून गवत दाबून बसवा.

तोफगोळा किंवा बॉम्बसारखं काही दिसलं, तर हात न लावता मागे व्हा आणि पोलिसांना कळवा.