बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) किटमधून आरसी ट्रेनर (रेडिओने चालणारं, शिकाऊंसाठीचं) विमान जोडताना

पंखातला पीळ, शेपटीचा कोन आणि मोटारीची दिशा या तिन्ही गोष्टी गोंद सुकण्यापूर्वी विनासायास दुरुस्त होतात. फिल्म (सांगाड्यावर इस्त्रीने चिकटवायचं पातळ प्लास्टिकचं आवरण) चढल्यावर त्याच दुरुस्तीसाठी अर्धं विमान उकलावं लागतं. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यात मोजमाप आधी येतं आणि गोंद नंतर. इथले आकडे साधारण १४०० मिलिमीटर पंखविस्ताराच्या, २२० मिलिमीटर रुंद आयताकृती पंखाच्या, धडाच्या वर पंख असलेल्या इलेक्ट्रिक ट्रेनरसाठी आहेत. असं विमान बॅटरीसकट १.२ ते १.४ किलो भरतं. तुमच्या किटच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

गोंद उघडण्याआधी

लेझरने कापलेले सगळे भाग एकदम शीटमधून सुटे करू नका. नंबर बहुतेक वेळा शीटवर छापलेला असतो आणि सुट्या झालेल्या दोन जवळच्या रिब (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) एकमेकींपासून ओळखता येत नाहीत. लागेल तसा भाग काढा, तोही अंगठ्याने ढकलून नव्हे तर अडकलेली टोकं धारदार ब्लेडने कापून. बाल्सा तंतूंच्या दिशेने सहज चिरतो.

सुट्या काठ्या वजनकाट्यावर ठेवा आणि हलकेच वाकवून पाहा. कडक काठ्या स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या कण्यासाठी, आणि हलक्या शेपटीसाठी ठेवा. डाव्या-उजव्या पंखाला सारख्या वजनाची जोडी द्या. शेपटीच्या वजनाबाबत काटेकोर राहायला सबळ कारण आहे. गुरुत्वमध्यापासून शेपटीचं अंतर नाकापेक्षा अडीच-तीन पट असतं, त्यामुळे मागे वाढलेले १० ग्रॅम सावरायला पुढे २५ ते ३० ग्रॅम शिसं घालावं लागतं.

प्लॅन सपाट पाटावर पसरा. पाट खरोखर सपाट आहे का हे धातूच्या पट्टीने दोन्ही कर्णांवर तपासा, कारण पाटाचा पीळ जसाच्या तसा पंखात उतरतो. वर बेकिंग पेपर किंवा पातळ प्लास्टिक लावा, नाहीतर पंख प्लॅनलाच चिकटेल. प्लॅनचा कागद दमट हवेत थोडा फुगतो. रिब आणि प्लॅनवरची रेघ यांत एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक दिसला तर कापलेल्या भागांवर विश्वास ठेवा.

गोंद तीन प्रकारचे लागतात. पातळ सीए (सायनोअ‍ॅक्रिलेट, झटपट चिकटणारा गोंद) घट्ट बसलेल्या सांध्यात आपोआप शिरतो, पण फट भरत नाही. फट असेल तिथे मध्यम सीए वापरा. ज्या जोडाला हलवून नीट बसवायला वेळ हवा तिथे लाकडाचा पांढरा गोंद चांगला, शिवाय तो सीएपेक्षा सहज घासला जातो. फायरवॉल (नाकाशी मोटार बसते ती आडवी भिंत), पंखांचा मधला जोड आणि शेपटी यांना ३० मिनिटांचा इपॉक्सी. ५ मिनिटांचा इपॉक्सी इतक्या लवकर घट्ट होतो की कोन मोजायला हातात वेळच उरत नाही. लेझरने जळालेली काळी कड पांढरा गोंद नीट शोषत नाही, तिच्यावर सँडपेपरचा एक हलका हात फिरवा. खाचेत बसणाऱ्या टोकांना मात्र घासू नका, ती ढिली होतात. सीए खिडकी उघडी ठेवून वापरा आणि सांडला तर सुती फडक्याने कधीही पुसू नका. सुती कापडावर तो झपाट्याने तापतो आणि चटका बसतो.

पंख

खालचा स्पार प्लॅनवर टाचण्यांनी पक्का करा, पण टाचणी स्पारमधून आरपार घालू नका. दोन बाजूंनी तिरप्या टाचण्या रोवून तो मध्ये धरा. त्यावर रिब उभ्या करा आणि प्रत्येक रिबला गुण्या लावून काटकोन पाहा. पंखाच्या मधल्या रिब याला अपवाद असतात. पंख वर उचललेले असल्याने त्या काही अंश आत झुकवाव्या लागतात आणि त्यासाठी किटमध्ये बहुधा छोटा लाकडी साचा मिळतो. मग वरचा स्पार, लीडिंग एज (पंखाची पुढची कड) आणि ट्रेलिंग एज (मागची कड) बसवा. सगळं गोंदाविना बसतंय याची खात्री झाली की सांध्यांवर पातळ सीएचा एकेक थेंब सोडा.

दोन स्पारच्या मध्ये उभ्या पट्ट्या लागतात, ज्यांना शिअर वेब म्हणतात. त्यांचे तंतू उभेच हवेत. आडव्या तंतूंची पट्टी दिसायला तशीच दिसते, पण विमान जोरात वर ओढलं की स्पार एकमेकांकडे दबतात, पट्टी चिरते आणि पंख मधोमध मिटतो. पट्टी स्पारला पूर्ण लांबीभर टेकली पाहिजे, आखूड कापलेली पट्टी उपयोगाची नाही.

लीडिंग एजपासून स्पारपर्यंतचं शीटिंग (वरून चढवायचा बाल्साचा पातळ पत्रा) लावताना पंख पाटावर टाचलेलाच असू द्या. शीटिंग बसलं की तो भाग बंद नळीसारखा होतो आणि त्या क्षणी असलेला पीळ कायमचा कोंडला जातो. गोंद पूर्ण सुकेपर्यंत पंख उचलू नका.

दोन्ही अर्धे पंख वरच्या दिशेने प्रत्येकी ३ अंश उचललेले असतील, तर जोडताना एक पंख पाटावर सपाट ठेवा आणि दुसऱ्याचं टोक ७३ मिलिमीटर उंच ठोकळ्यावर टेकवा. ठोकळा टोकाच्या रिबखाली, लीडिंग आणि ट्रेलिंग एज दोन्हींना आधार मिळेल असा ठेवा. फक्त पुढच्या बाजूला आधार दिला तर जोडतानाच पीळ शिरतो. मधल्या प्लायवुडच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी इपॉक्सी लावा आणि चिमट्यांनी आवळा.

धड आणि मोटार

धडाच्या दोन्ही बाजू एकावर एक ठेवून कडा जुळतात का पाहा. त्या जुळवताना डावी आणि उजवी अशीच बनवा. दोन डाव्या बाजू तयार होणं हा या कामातला नेहमीचा घोटाळा आहे. फॉर्मर (धडातले आडवे पडदे) बसवल्यावर प्लॅनवरच्या मध्यरेषेवर धड ठेवा आणि मागचं टोक रेषेवर आणूनच गोंद लावा. एका बाजूचं लाकूड कडक असेल तर धड केळ्यासारखं वाकतं. अशा वेळी कडक बाजू किंचित ओली करून वाकवा आणि सुकेपर्यंत धरून ठेवा.

फायरवॉलवर मोटारीचा सगळा ताण येतो. तिच्या कडा खरवडून इपॉक्सी लावा आणि सुकल्यावर दोन्ही बाजूंनी २ मिलिमीटरची छिद्रं पाडून बांबूच्या काड्या इपॉक्सीसकट ठोका. आतल्या कोपऱ्यांत तिकोनी पट्ट्या द्या. ट्रेनरच्या मोटारीला साधारण २ अंश उजवीकडे आणि २ ते ३ अंश खाली तोंड असतं. हे केलं नाही तर थ्रॉटल (मोटारीचा जोर) वाढवताच विमान डावीकडे वळतं आणि नाक वर उचलतं. उजवीकडे तोंड केल्याने शाफ्टचं टोक मध्यरेषेबाहेर जातं, म्हणून फायरवॉल ते पंखा (प्रोपेलर) हे अंतर ६० मिलिमीटर असेल तर मोटार २ मिलिमीटर डावीकडे सरकवून बसवा.

मोटारीचे एम३ स्क्रू मोजून घ्या. लांब स्क्रू मोटारीच्या आत वाइंडिंगला टेकतो आणि पहिल्याच पूर्ण थ्रॉटलला मोटार जळते. स्क्रूंना थ्रेडलॉक (स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद) लावा. हवा आत येण्याच्या वाटेपेक्षा बाहेर जाण्याची वाट मोठी ठेवा, शक्यतो दुप्पट. नाहीतर ईएससी (मोटारीचा वेग नियंत्रित करणारं सर्किट) गुदमरून तापतो.

शेपटी, पण पंखानंतर

शेपटी चिकटवण्याआधी पंख धडावर बसवा, कारण मोजायचं पंखाच्या संदर्भात आहे. आधी पंख सरळ करा. धडाच्या मागच्या टोकाला मध्यावर एक टाचणी रोवा, तिला न ताणला जाणारा दोरा बांधा आणि दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंतचं अंतर सारखं आणा. मग आडवं स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा पंख) ठेवून फायरवॉलच्या मध्यावरच्या टाचणीपासून त्याची दोन्ही टोकं मोजा. शेवटी मागे दोन-तीन मीटर लांब उभं राहून पाहा. पंख आणि स्टॅबिलायझर समांतर दिसले पाहिजेत. नसतील तर धडाची बैठक एका बाजूने घासा, गोंदाच्या थराने उंची सावरू नका. उभ्या फिनला गुण्या लावा.

फिल्म

आधी २२० आणि नंतर ४०० नंबरचा सँडपेपर सपाट ठोकळ्यावर चिकटवून घासा आणि धूळ पूर्ण झटका. धुळीवर फिल्म चिकटल्यासारखी वाटते, पण उन्हात सुटते. बहुतेक फिल्म १०० ते १२० अंश सेल्सियसला चिकटतात आणि १५० च्या आसपास आकसतात. नेमका आकडा वेष्टनावर असतो. पंखाची खालची बाजू आधी, वरची नंतर. जोडावर ६ मिलिमीटर तरी फिल्म एकमेकींवर चढू द्या. कडा आधी चिकटवा, मधला भाग शेवटी आकसवा, आणि वर-खाली आलटून पालटून उष्णता द्या. एकच बाजू पूर्ण ताणली तर पंखाला पीळ बसतो.

तरीही पीळ आलाच तर घाबरू नका. पंख उलट दिशेने थोडा जास्तच पिळून धरा, दुसऱ्याला दोन्ही बाजूंवर इस्त्री किंवा हीट गन फिरवायला सांगा आणि थंड होईपर्यंत सोडू नका. दोन्ही टोकांची ट्रेलिंग एज सारखीच किंचित वर असेल तर ते चालतं, उलट कमी वेगात फायद्याचं असतं. एकाच टोकाची खाली असेल तर उतरताना वेग कमी होताच तो पंख कोसळतो. तशी अवस्था सोडून देऊ नका.

शेपटी आणि धड जिथे चिकटणार तिथे फिल्म नको, गोंद लाकडाला लागला पाहिजे. ती फिल्म ब्लेडने कापली तर खालच्या बाल्सावर चरा पडतो आणि स्टॅबिलायझर नेमकं त्या रेषेवर तुटतं. गरम सोल्डरिंग आयर्नचं टोक पट्टीच्या कडेने फिरवा. फिल्म वितळून कापली जाते आणि लाकूड शाबूत राहतं.

बिजागऱ्या, सर्व्हो, पुशरॉड

सीए बिजागरीसाठी (सीए शोषून घेणाऱ्या पातळ पट्टीच्या बिजागरीसाठी) चिरेच्या मध्यावर २ मिलिमीटरचं छिद्र पाडा, म्हणजे गोंद खोलवर पोचतो. बिजागरीच्या मधोमध टाचणी टोचून ती दोन्ही भागांत सारखी घुसवा, टाचणी काढा आणि दोन्ही बाजूंनी पातळ सीएचे ६ ते ८ थेंब, एकेक थेंब शोषला गेल्यावर पुढचा, असे सोडा. इथे गोंद लवकर सुकवणारा स्प्रे वापरू नका, गोंद आत जाण्याआधीच वर घट्ट होतो. सुकल्यावर प्रत्येक बिजागरी जोरात ओढून पाहा. सुटायची असेल तर ती टेबलावरच सुटू दे.

आता मोटारीवर पंखा नको. ट्रिम (स्टिकच्या मध्यस्थानाची बारीक दुरुस्ती) शून्यावर ठेवून ट्रान्समीटर चालू करा, सर्व्हो (हलणारे भाग फिरवणारी छोटी मोटार) मध्यावर येऊ द्या आणि मगच त्याचा आर्म पुशरॉडला (सर्व्होपासून हलणाऱ्या भागापर्यंतच्या तारेला) काटकोनात बसवा. सर्व्होच्या रबरी गुट्ट्यांत पितळी नळ्या घालताना त्यांची पसरट कड लाकडाकडे हवी. हॉर्नची (हलणाऱ्या भागावर बसवलेल्या, पुशरॉड जोडायच्या छोट्या तरफेची) छिद्रं बिजागरीच्या रेषेच्या बरोबर वर येतील असा हॉर्न लावा. सर्व्होकडे आतलं छिद्र आणि हॉर्नकडे बाहेरचं घेतलं तर हालचाल कमी, पण ताकद जास्त आणि ढिलेपणा कमी मिळतो. लांब पुशरॉडला मध्ये आधार द्या. एलिव्हेटर (स्टॅबिलायझरच्या मागचा वर-खाली हलणारा भाग) बोटाने अडवून स्टिक हलवा. तार कमानीसारखी वाकत असेल तर उडताना एलिव्हेटर पूर्ण हलणार नाही. प्रत्येक क्लेव्हिसवर (पुशरॉडच्या टोकाच्या, हॉर्नला अडकणाऱ्या चिमट्यावर) सिलिकॉनची कडी चढवा.

सुरुवातीची हालचाल अशी ठेवा: एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) वर १२ आणि खाली ८ मिलिमीटर, एलिव्हेटर दोन्हीकडे १०, रडर (उभ्या फिनच्या मागचा हलणारा भाग) दोन्हीकडे २०. एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळ हालचाल सौम्य करणारी ट्रान्समीटरची सेटिंग) ३० टक्के. रिसीव्हरला दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींना काटकोनात ठेवा, बॅटरी आणि ईएससीपासून दूर. मोटार उलटी फिरली तर तिच्या तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करा. बॅटरीच्या लाल-काळ्या तारा मात्र कधीही उलट जोडू नका, ईएससी तत्काळ जळतो.

तीन सेलच्या २२०० एमएएच लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर १० बाय ५ (इंचांत व्यास बाय पिच) पंखा आणि ४० अँपिअरचा ईएससी हा जोड या वजनाला पुरतो, पण वॉटमीटर लावून खात्री करा. या मोजणीला पंखा लागतोच, म्हणून विमान घट्ट बांधा आणि पंख्याच्या रेषेत कुणी उभं राहू नये. पूर्ण थ्रॉटलला २५ अँपिअरच्या आसपास आकडा आला तर ठीक. ३५ ओलांडला तर लहान पंखा लावा.

तोल आणि दिशा

बॅटरीसकट सगळं बसवल्यावर पंखाखाली, लीडिंग एजपासून ६० ते ६५ मिलिमीटरवर दोन्हीकडे खुणा करून विमान दोन बोटांवर उचला. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. आधी बॅटरी पुढेमागे सरकवून पाहा, शिसं हा शेवटचा उपाय. शेपटीकडे जड विमान एलिव्हेटरच्या इवल्याशा हालचालीने उसळतं आणि आवरत नाही, त्यामुळे शंका असेल तर तोल थोडा पुढेच ठेवा. बॅटरीला वेल्क्रोबरोबर पट्टाही हवा. ती उडताना मागे घसरली तर केलेला सगळा तोल फुकट जातो.

विमानाच्या मागे उभं राहून दिशा तपासा. स्टिक उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन वर. स्टिक आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर वर. रडर उजवीकडे दिला की त्याची मागची कड उजवीकडे. एलेरॉन उलटं असलेलं विमान हातातून सुटल्यावर काही सेकंदांत जमिनीवर येतं, म्हणून हे दर वेळी मोठ्याने बोलून तपासा. ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटार थांबते का हेही पंखा काढून पाहा. पंख रबरबँडने बांधायचा असेल तर ८ ते १० रबरबँड लावा आणि शेवटचे दोन तिरपे, एकमेकांना छेदणारे.

पहिल्या उड्डाणात ट्रिम कितीही सरकवावी लागली तरी उतरल्यावर एलिव्हेटर आणि एलेरॉनची स्थिती पट्टीने मोजून ठेवा, ट्रिम पुन्हा शून्यावर आणा आणि क्लेव्हिस फिरवून तीच स्थिती मिळवा. पंखाचे रबरबँड किंवा बोल्ट, मोटारीचे स्क्रू आणि प्रत्येक बिजागरी पुन्हा तपासूनच दुसऱ्या उड्डाणाची बॅटरी जोडा.