ॲनाटॉमीतला 'ऑस': हाड की तोंड?

फर्स्ट इयरला नुकतेच आलेल्यांसाठी लिहितोय, त्यामुळे हाडांची नावं थोडीफार माहितीयत असं धरतो. ऑस म्हणजे हाड हे सुरुवातीलाच कळतं, ऑस कॉक्सी, ऑस सेक्रम, सगळं नीट बसतं. आणि मग गर्भाशयाच्या खालच्या टोकाच्या, म्हणजे सर्व्हिक्सच्या चॅप्टरमध्ये 'एक्स्टर्नल ऑस' येतो आणि डोकं बंद पडतं, कारण तिथे हाडाचा काही संबंधच नाही. मी सीनियर्सना विचारलं तर एकच उत्तर, पाठ कर, असंच असतं. असं नसतं! जो सीनियर 'का' विचारल्यावर चिडतो त्याच्या नोट्स घेऊच नका.

लॅटिनमध्ये हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. ऱ्हस्व स्वराचा ऑस म्हणजे हाड, दीर्घ स्वराचा ओस म्हणजे तोंड. पण छापील स्पेलिंग दोन्हींचं सेम आणि वर्गात उच्चारही सेमच होतो, म्हणजे नुसत्या शब्दावरून कळायला मार्ग नाही. कळतं ते षष्ठीवरून. हाडाचं म्हणजे ऑसिस, तोंडाचं म्हणजे ओरिस. अनेकवचनं पण वेगळी, हाडं ऑसा आणि तोंडं ओरा. ऑसिफिकेशन हाडवाल्याकडून आलं, ओरल तोंडवाल्याकडून. ऑर्बिक्युलॅरिस ओरिस म्हणजे तोंडाभोवतीचा गोल स्नायू, डिप्रेसर अँग्युलाय ओरिस म्हणजे तोंडाचा कोपरा खाली ओढणारा. सर्व्हिक्सला मराठीत गर्भाशयमुख म्हणतात ना, तिथला ऑस हा तोंडवालाच. कोरोनरी ऑस्टियम, म्हणजे हृदयाच्या धमनीचं तोंड, पण ह्याच कुळातला.

शाळेत संस्कृत असेल तर अजून सोपं. हाडवाला ऑस आणि अस्थि एका मुळातून आलेत, तोंडवाला ओस आणि आस्य दुसऱ्या. ऱ्हस्वाला ऱ्हस्व, दीर्घाला दीर्घ, हे एकदा दिसलं की विसरायला होतच नाही.

निमॉनिक्सबद्दल, म्हणजे पाठांतरासाठी आद्याक्षरांवरून केलेल्या वाक्यांबद्दल, माझं मत वाईट आहे. कार्पल बोन्सच्या (मनगटातल्या हाडांच्या) क्रमाला ठीक, पण अर्थ न कळता पाठ केलं तर व्हायवात एक अक्षर निसटलं की सगळं गेलं.

लांब नावांना मात्र अजिबात घाबरू नका, खरंच. लेव्हेटर लॅबिआय सुपिरिओरिस अलीक्वे नेसाय, चेहऱ्यावरच्या एका छोट्याशा स्नायूचं हे एवढं मोठं नाव! फोडून बघा: उचलणारा, ओठाला, वरच्या, आणि पंखाला, नाकाच्या. म्हणजे वरचा ओठ आणि नाकपुडीची कड उचलणारा, ॲक्शन वेगळी पाठ करायचीच नाही. नवीन टर्म लिहिताना शेजारी तिची षष्ठी लिहीत जा, फीमर-फिमोरिस (मांडी), कॅपुट-कॅपिटिस (डोकं), कॉर्पस-कॉर्पोरिस (शरीर), म्हणजे क्वाड्रिसेप्स फिमोरिस किंवा लाँजिसिमस कॅपिटिस समोर आला की कुठला भाग ते लगेच कळेल.