इंग्लंडमध्ये पर्याय देणं वेगळं आणि आवड विचारणं वेगळं

नवीन आलेल्या मंडळींसाठी लिहितोय, त्यातही जे मुलाबाळांना घेऊन इंग्लंडला आलेत त्यांच्यासाठी जास्त. तुमचं इंग्रजी चांगलंच आहे, मीटिंगा घेताय, प्रेझेंटेशन देताय. अडतं ते अगदी साध्या प्रश्नांपाशी. समोरचा आपल्यापुढे पर्याय ठेवतोय की नुसती आवड विचारतोय हे इकडे नीट ओळखावं लागतं, कारण दोन्हींचं उत्तर वेगळं आणि दोन्हींतून मिळणारी गोष्टही वेगळी.

चहापासूनच बघा. "वुड यू लाइक अ टी?" म्हणजे चहा घेणार का, हो म्हणालात की किटली चालू होते. "डू यू लाइक टी?" म्हणजे चहा आवडतो का, बस. आपल्याकडचे बरेच जण घरी आलेल्या शेजाऱ्यांना हे दुसरं विचारतात, ते मनापासून "येस आय डू" म्हणतात आणि आपल्या गप्पा पुढे चालू ठेवतात, चहा विचारलाय हे त्यांच्या लक्षातच येत नाही. आणि "टी ऑर कॉफी?" म्हणताना शेवटी आवाज खाली आला तर दोनच पर्याय आहेत, एक सांगायचा, तिथे "येस प्लीज" म्हटलं की समोरचा तसाच बघत राहतो. आवाज वर राहिला तर मात्र काही प्यायला हवंय का असा अर्थ, मग पाणी मागितलं तरी चालतं.

आपल्याकडे "काहीही चालेल" म्हणणं ही रीत झाली, घरच्या बाईला त्रास नको म्हणून. इथे त्याने त्रास वाढतो हो, कारण आता त्यांना अंदाज बांधत बसावं लागतं. सरळ "टी प्लीज, मिल्क, नो शुगर" सांगा, त्यांना बरं वाटतं. खरंच काही फरक पडत नसेल तर "आय डोन्ट माइंड" म्हणा, "आय डोन्ट केअर" कधीच नको, ते तुटक लागतं. आणि आग्रहाची वाट बघू नका, इथे पहिलं "नो थँक्यू" हेच शेवटचं धरतात, मनात घ्यायचं असेल तर पहिल्यांदाच घ्या. आपण यजमान असलो तरी तेच, एकदा नाही म्हटल्यावर ताटात वाढायला जाऊ नका.

दिलेल्या पर्यायांच्या बाहेरही काही असू शकतं. रेस्टॉरंटमध्ये पाण्यासाठी "स्टिल ऑर स्पार्कलिंग?" म्हणजे साधं की बुडबुड्यांचं असं विचारतात, या दोन्ही सहसा बाटल्या असतात आणि दोन्ही बिलात लागतात. "टॅप वॉटर प्लीज" म्हणा, अजिबात संकोच करू नका. तिथे बसून प्यायला दारू विकायचं लायसन्स असलेल्या ठिकाणी नळाचं पाणी असेल तर गिऱ्हाईकाने मागितल्यावर ते फुकट द्यावंच लागतं, २०१० पासून इंग्लंड-वेल्समध्ये तसा नियम आहे.

आता खरं महत्त्वाचं. सरकारी कामात "प्रेफरन्स" शब्द दिसला की सावध व्हा, तिथे तुमचं म्हणणं ऐकून घेतील पण हमी नाही. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, जीपीची म्हणजे फॅमिली डॉक्टरांची प्रॅक्टिस (दवाखाना) निवडायचा तुम्हाला हक्क आहे, सबळ कारणाशिवाय त्यांना नाही म्हणता येत नाही, पण त्या प्रॅक्टिसमधली अमुकच डॉक्टर हवी हे फक्त प्रेफरन्स, ते प्रयत्न करतील इतकंच.

शाळेच्या अ‍ॅडमिशनचंही तसंच आणि इथेच आपले लोक फसतात. काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेच्या, फॉर्मवर तुम्ही शाळा निवडत नसता, पसंतीक्रम कळवत असता. किमान ३ नावं देता येतात, लंडनमध्ये ६. बरेच जण एकच नामांकित शाळा लिहून बाकी रकाने मोकळे सोडतात, त्यांना वाटतं मग तीच द्यावी लागेल. तसं काही होत नाही! ती शाळा भरली की जिथे जागा उरली असेल तिथे काउन्सिल नाव टाकते, मग चार-पाच वर्षांच्या पोराला घेऊन रोज दोन बस बदलत जा. तुम्ही कितव्या नंबरवर टाकलंय ते शाळा बघत नाही, ती आपल्या निकषांवर ठरवते, म्हणजे भावंडं, घरापासूनचं अंतर वगैरे. एकापेक्षा जास्त शाळांत बसत असाल तरच तुमचा क्रम कामाला येतो, त्यातली सगळ्यात वरची मिळते. म्हणून मनापासून हवी ती बिनधास्त पहिली लिहा, पण खाली घराजवळची, जिथे नक्की बसाल अशी एक ठेवाच. सेकंडरीला ३१ ऑक्टोबर आणि प्रायमरीला १५ जानेवारी ही शेवटची तारीख, ऑफर साधारण १ मार्च आणि १६ एप्रिलला येते.

आलेली ऑफर आवडली नाही तरी स्वीकारून ठेवा. त्याने दुसऱ्या शाळेच्या वेटिंग लिस्टमधलं नाव जात नाही, अपीलही करता येतं, आणि नाकारलीत तर काउन्सिल दुसरी जागा देईलच असं नाही.